एकच, आणि ठरवून

एक्स-रेच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक बाईला मला एक प्रश्न विचारावा लागायचा. शेवटची पाळी कधी आली? पोटात बाळ असेल तर एक्स-रे काढायचा नसतो, म्हणून. दिवसातून वीस-पंचवीस वेळा मी तो विचारायचे. म्हाताऱ्या हसायच्या. काही जणींना राग यायचा. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, रेडिओग्राफीचा डिप्लोमा करून अंधेरी पूर्वेच्या एका तपासणी केंद्रात लागले होते, आणि लग्नाला सहा महिने झाले होते.

एका सकाळी मनगट सुजलेली कॉलेजातली मुलगी आली. मी प्रश्न विचारला तशी तिची आई उसळली, "लग्न नाही झालेलं तिचं."

"सगळ्यांनाच विचारते मी, काकू."

मुलीने शांतपणे तारीख सांगितली. मी ती फॉर्मवर लिहिली आणि पेन हातात धरून तशीच उभी राहिले, कारण माझी स्वतःची तारीख मला आठवत नव्हती. त्या मुलीच्या हाताचा एक्स-रे मी दुसऱ्या टेक्निशियनला काढायला सांगितला आणि बाहेर येऊन बाकावर बसले.

आम्ही काहीच वापरत नव्हतो. लग्नाआधी मावशीने सांगितलं होतं, पहिल्याला आडकाठी करू नये, मग पुढे राहत नाही. हे खोटं आहे हे मला कळत होतं. डिप्लोमाला शरीरशास्त्र शिकले होते मी. पण नवऱ्याला, नव्या नवऱ्याला, हे बोलायचं कसं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक. मधल्या मजल्यावर अडकलेल्या माणसांना तो न घाबरता बाहेर काढायचा, पण औषधाच्या दुकानात जाऊन निरोधचं एक पाकीट मागायला त्याचे पाय उचलत नव्हते.

दोन दिवसांनी तपासणीत कळलं, मला दिवस गेले होते. केंद्राचे मालक डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी अभिनंदन केलं, चहा मागवला, मग म्हणाले, "आता तुम्हाला आत ठेवता येणार नाही."

"मग बाहेर बसते ना सर. रिपोर्ट टाइप करते, फिल्म लावते."

"बाहेर दोघी आहेत. आणि तुमचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंयच. घरी आराम करा. बाळ मोठं झालं की या, तुमचीच जागा आहे."

अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट होतं. माझा काही हक्क बनतो का, हे विचारायचं असतं एवढंही मला ठाऊक नव्हतं. मी थँक्यू सर म्हणाले. आज ते थँक्यू आठवलं की अंगाची आग होते.

मुलगी झाली. छान झाली, पहिल्या दिवसापासून तिच्या डोळ्यांत भांडण होतं. ती दीड वर्षाची झाल्यावर मी तिला सासूकडे ठेवून केंद्रात गेले. माझी जागा अर्थातच भरलेली होती. दरम्यान तिथे सीटी स्कॅनचं मशीन आलं होतं आणि ट्रेनिंगला पाठवलं होतं माझ्यानंतर लागलेल्या मुलीला. खांद्याचा एक्स-रे घेताना पेशंटला कसं उभं करायचं हे तिला मी शिकवलं होतं. तिने मला प्रेमाने आत नेलं. "ताई, बघायचंय?" मी बघितलं. मोठं पांढरं कडं आणि त्यातून आत-बाहेर सरकणारा पाट. नंतर सांताक्रूझला उतरून वाकोल्यापर्यंत चालत आले, कारण रिक्षात बसले असते तर रडले असते आणि मला रडायचं नव्हतं.

बाईने नोकरी सोडली की लोक फक्त गेलेला पगार बघतात. पगार तर गेलाच. पण चार वर्षांचा अनुभव गेला, सिनियॉरिटी गेली, पीएफ सुरू झाला असता तो झाला नाही, आणि सीटीचं ट्रेनिंग गेलं. ते ट्रेनिंग म्हणजे आमच्या धंद्यातला जिना. तो चढला तर पुढे एमआरआय, पुढे मोठं हॉस्पिटल. नाही चढला तर आयुष्यभर छातीचे आणि गुडघ्याचे फोटो. आणि हे सगळं कशापायी, तर नवराबायकोला एकमेकांशी चार वाक्यं बोलता आली नाहीत म्हणून. मुलगी झाली याचं मला एका क्षणासाठीही वाईट वाटलेलं नाही. ती तेव्हा आली, आम्ही काही ठरवण्याआधी, याचं वाटलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्यांना त्या वेगळ्या दिसत नाहीत त्यांच्याशी वाद घालणं मी आता सोडून दिलंय.

तेव्हा मात्र घालायचे.

मुलीनंतर नवरा पाकीट आणू लागला, पण आमच्या कोपऱ्यावरून नाही. कोपऱ्यावरचा केमिस्ट त्याच्या वर्गात होता. म्हणून हा स्टेशन ओलांडून पश्चिमेला जायचा, आणि कंटाळा आला की जायचा नाही. शेवटी एकदा भाजी घेऊन येताना मीच केमिस्टसमोर उभी राहिले आणि काय हवं ते सांगितलं.

त्याने माझ्या डोक्यावरून रस्त्याकडे बघितलं. "वहिनी, त्याला पाठवा ना."

"का? बायकांना विकत नाही का?"

"तसं नाही हो."

"मग द्या. आणि दोन द्या."

त्याने ते वर्तमानपत्रात गुंडाळलं, मग काळ्या पिशवीत घातलं, मग पिशवीला गाठ मारली. मी त्याच्यासमोर गाठ सोडली, कागद काढून त्याच्याच काउंटरवर ठेवला आणि पाकिटं कोथिंबिरीच्या जुडीवर ठेवून घरी आले. चाळीत ही बातमी माझ्या आधी पोचली असावी. सासू दारातच होती.

"लाज इकून खाल्लंस काय गो?"

"नाही आई. लाज विकून काही मिळत असतं तर दोन खोल्यांत राहिलो नसतो आपण."

मुलगी चार वर्षांची झाली आणि शाळेत जाऊ लागली, तेव्हा मला घाटकोपरच्या एका तपासणी केंद्रात काम मिळालं. हुद्दा ट्रेनी. माझ्याहून लहान मुलं मला सांगत होती की ताई, ही फिल्मची कॅसेट अशी लावा. मी लावली. कान बंद ठेवून आणि डोळे उघडे ठेवून वर्षभर काम केलं. मेट्रो नुकतीच सुरू झाली होती. बसने हायवेपर्यंत आणि तिथून मेट्रोने घाटकोपर. आणि वर्ष संपता संपता तिथल्या मॅडमनी मला बोलावून सांगितलं की सीटीच्या ट्रेनिंगसाठी त्यांनी माझं नाव दिलं आहे. सहा महिने. ते झाले की कायम करणार.

त्यानंतर दीड महिन्यात माझी पाळी चुकली.

कसं झालं ते सांगते, लपवण्यासारखं काही नाही. घरातली पाकिटं संपली होती, आणि आम्ही म्हटलं एकदा काय होतंय. एकदाच होतं. यात दोष द्यायला तिसरं कुणी नव्हतं.

मी आधी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. त्याने हात धुतला आणि माझ्यासमोर येऊन बसला.

"काय करायचं?" त्याने विचारलं.

"मला नकोय."

"नक्की?"

"नक्की. ट्रेनिंग सोडून मी परत घरी बसणार नाही. आणि ट्रेनिंग नसतं तरी मला दुसरं नकोय. एकीला नीट वाढवायचंय मला."

 त्याला दुसरं हवं होतं का? कदाचित थोडंसं. पण तो म्हणाला, "कामावर तू जातेस, पोटात तू वाढवणार. मी हवं म्हणून काय उपयोग?" मला त्याच्याबद्दल त्या दिवशी जे वाटलं ते लग्नात हार घालताना वाटलं नव्हतं.

सासूला न सांगता करता आलं असतं. पण ती माझी मुलगी सांभाळत होती. तिच्या जिवावर मी घराबाहेर पडत होते. तिच्यापासून चोरून करणं मला पटेना. शनिवारी दुपारी ती कुळीथ निवडत बसली होती तेव्हा मी तिच्याजवळ बसून सांगितलं.

तिचा हात थांबला. "चोच दिल्यान तो चारो देतलो," ती म्हणाली. देवाने चोच दिली, तोच चारा देईल.

"चारा मी आणते आई. तुमचा मुलगा आणतो. देवाला मी अजून आमच्या दारात पिशवी घेऊन बघितलेलं नाही."

"नोकरेचा कवतिक माका सांगू नको. मी काय काम केलंय नाय?" आणि मग ती बोलू लागली. मी तिच्या घरात सहा वर्षं राहत होते, पण हे मी कधी ऐकलं नव्हतं.

सासरे गिरणीत होते. गावाहून आलेले, एकेका खोलीत दहा-दहा जणांनी राहणारे कामगार जेवणार कुठे, म्हणून बायका घरी खानावळ चालवायच्या. सासूचीही खानावळ होती. दोन वेळचं जेवण आणि रविवारी मासे. सुरुवात चार मेंबरांपासून झाली आणि सत्तावीसवर गेली. मदतीला तिने एक बाई ठेवली होती. सासूच्या हातची तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी खायला लोक दुसऱ्या पाळीच्या माणसाशी पाळी बदलून घ्यायचे, असं ती सांगत होती. सांगताना तिची पाठ सरळ झाली होती. सासरे संपात घरी बसले तेव्हा घर त्या खानावळीवर चाललं. तेव्हा तिला दोन मुलं होती. मग तिसरं राहिलं. ते पोटातच गेलं आणि तिने पंधरा दिवसांत परत चूल पेटवली. मग चौथं राहिलं, म्हणजे माझा नवरा. पाचव्या महिन्यापासून अंगावरून जाऊ लागलं, डॉक्टरने खाटेवरून खाली पाय ठेवू नको म्हणून सांगितलं.

"आणि तुका एक नोकरी सोडूक जमना नाय? मी सत्तावीस मेंबर सोडलंय ह्येच्यासाठी."

"मग परत का नाही सुरू केलीत?"

"परत खय? मेंबर दुसरीकडे लागले. ती माझी मदतीची बाई, तिनाच सुरू केल्यान."

ती परत कुळीथ निवडू लागली.  चाळिशी लोटल्यावरही माझी सासू पडद्यांना काठ शिवून द्यायची, मग पापड लाटायची, मग दुसऱ्यांची मुलं सांभाळायची. आणि तिची खानावळ तिच्या मदतनीस बाईकडे गेली, तसं माझं मशीन त्या मुलीकडे गेलं होतं. मी म्हणाले, "आई, तुम्हाला तेव्हा कुणी विचारलं होतं का, चौथं हवंय का म्हणून?"

"इचारूचा काय त्येच्यात?"

"हेच."

तिने ताट उचललं आणि आत गेली. तिला मी पटवू शकले असं मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. तिने माझ्याशी बोलणं बंद केलं. पण सोमवारी मुलीला शाळेत सोडायला तीच गेली.

हॉस्पिटल सरकारी होतं, उपनगरातलंच. सहा आठवडे झाले होते, म्हणजे गोळ्यांनी होणार होतं. टेबलामागच्या डॉक्टर बाईंनी फॉर्म भरता भरता विचारलं, "एकच मुलगी? मुलगा असला तर?"

"काय असेल ते असेल. मला नकोय."

"मिस्टर कुठे आहेत? त्यांची सही लागेल."

माझा नवरा दाराबाहेर बाकावर होता. पहिल्या हाकेला त्याने सही केली असती. पण घाटकोपरच्या केंद्रात सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. मी म्हणाले, "मी सज्ञान आहे डॉक्टर. कायद्याने माझीच सही लागते."

"आम्ही इथे दोघांची घेतो."

"मग ते कायद्यात नाही. ते तुम्ही घेता."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. शेजारच्या सिस्टरने कागद आवरायला घेतले.  थोड्या वेळाने त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि कुठे सही करायची तिथे पेनाने फुली मारून दिली. मी सही केली. लहानपणापासून मी सही वाकडी करते. ती सरळ आली.

नंतरचे दोन दिवस त्रास झाला, पोटात कळा आल्या, रक्त गेलं. तिसऱ्या दिवशी मी डाळ-भात खाल्ला. पश्चात्ताप होईल, रात्री झोप लागणार नाही, बाळ स्वप्नात येईल, असं काय काय मला चाळीतल्या बायकांनी सांगून ठेवलं होतं. मला झोप लागली. काही बायकांना त्रास होत असेल, त्यांचा त्रास खरा असेल. माझं जे झालं ते मी सांगते.

दोन आठवड्यांनी तपासणीला गेले तेव्हा त्याच डॉक्टर बाई होत्या. या वेळी त्या नीट बोलल्या. तांबी बसवून घे म्हणाल्या, किंवा मूल नकोच असेल तर तुझं ऑपरेशन करून टाकू. घरी येताना रिक्षात मी नवऱ्याला म्हटलं, "माझंच का?"

"काय माझंच?"

"बाळंतपण माझं, टाके माझे, गोळ्या माझ्या, आता ऑपरेशन पण माझं. तुझं वीस मिनिटांत होतं. टाकापण नाही."

त्याने रिक्षावाल्याकडे बघून आवाज खाली घेतला. "कामावर कळलं तर वाट लागेल माझी."

"कामावर कशाला कळेल?"

"कळतं गं. सगळं कळतं."

 तीन आठवडे गेले. मधल्या काळात मी घरात एक गोष्ट बंद करून ठेवली होती आणि ती कुठली ते तो चांगलं जाणून होता. पण त्याने ठरवलं ते त्यामुळे नाही, असं तो अजून सांगतो. अंधेरीच्या एका सोसायटीत लिफ्ट अडकली होती, आत आठ महिन्यांची गरोदर बाई होती. याने दार फाकवून तिला बाहेर काढलं. ती आधी रडली आणि मग म्हणाली, भाऊ, हे चौथं आहे, मला तर आतच राहावंसं वाटत होतं. त्या संध्याकाळी घरी येऊन त्याने मला विचारलं, "त्या दवाखान्यात वार कुठला असतो?"

मी त्याच्याबरोबर गेले. खरंच वीस मिनिटं लागली. बाहेर आला तो हसत, आणि म्हणाला की दाढ काढताना याहून जास्त दुखलं होतं. सरकारकडून यासाठी थोडे पैसे मिळतात, त्यातून आम्ही तिघांनी सुरमईची थाळी खाल्ली. डॉक्टरने सांगितलं होतं की तीन महिने आणि तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत पाकीट वापरायचंच. मी लॅबवाल्यांमधली. रिपोर्ट दोनदा वाचल्याशिवाय विश्वास ठेवला नाही.

सासूला कळलं तेव्हा तिने हंबरडा फोडला नाही, तसं केलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "माका आधी सांगितला असता तर माझ्या झिलाक कापूक दिलंय नसतंय." मग महिनाभर त्याला रोज दोन अंडी आणि मेथीचे लाडू. त्याची ताकद गेली आहे असं तिने ठरवूनच टाकलं होतं. पाण्याची कळशीसुद्धा उचलू द्यायची नाही. आठवडाभर जड उचलायचं नाही एवढंच डॉक्टरने सांगितलं होतं, पण आठव्या दिवशी हा लिफ्टच्या खड्ड्यात उतरला तेव्हा ती देवासमोर दिवा लावून बसली. आणि हो, कामावर कळलंच. कसं कळलं कोण जाणे. त्याला बैल म्हणू लागले. तो म्हणायचा, बैल तर बैल, रात्री पोराच्या रडण्याने मी उठत नाही, तुम्ही उठता. हळूहळू थांबले.

माझं ट्रेनिंग झालं. मी कायम झाले. पुढची सगळी गोष्ट कंटाळवाणी आहे आणि मला तीच हवी होती. दर महिन्याला पगार, दर वर्षी थोडी वाढ, सणाला सुट्टी, आजारपणाला रजा. आज त्या मशीनवर नव्या मुलींना मी शिकवते. आमची मुलगी चांगल्या शाळेत गेली, बास्केटबॉल खेळते, तिला स्वतःचा अभ्यासाचा कोपरा आहे. हे सगळं एका पाकिटाने आणि वीस मिनिटांच्या ऑपरेशनने झालं असं मी म्हणत नाही. पण त्याच्याशिवाय झालं नसतं हे मी छातीठोकपणे म्हणते. सरकार यावर किती खर्च करतं मला ठाऊक नाही. माझ्या घरात तरी त्याहून स्वस्त आणि जास्त कामाची वस्तू आजवर आलेली नाही, त्यात फ्रिजही धरते.

गेल्या वर्षी मुलीने मला विचारलं. कुणा नातेवाईक बाईने लग्नात तिच्यासमोर म्हटलं होतं, हिच्या आईची नोकरी हिच्यामुळे गेली. घरी येऊन ती केस विंचरत बसली आणि आरशातूनच म्हणाली, "म्हणजे मी नको होते?"

मी या प्रश्नाची तेरा वर्षं वाट बघत होते आणि तरी माझी तयारी नव्हती.

"तू ठरवून आली नाहीस," मी म्हटलं. "खोटं सांगणार नाही. तेव्हा आम्हाला काही ठरवायची अक्कल नव्हती."

"मग?"

"मग तू आलीस आणि मला हवी झालीस. पण तू एकटीच राहशील, हे मात्र मी ठरवलं. बाबाने आणि मी. त्यासाठी मी तुझ्या आजीशी भांडले, डॉक्टरशी भांडले."

तिने फणी खाली ठेवली. "आणि नोकरी गेली ती?"

"ती तुझ्यामुळे नाही गेली. तिथल्या केंद्राच्या डॉक्टरने एक खुर्ची बाहेर टाकली असती तर गेली नसती. आणि आम्ही सहा महिने आधी तोंड उघडलं असतं तर प्रश्नच आला नसता. तू तेव्हा वाटाण्याएवढी होतीस. वाटाण्यामुळे कुणाची नोकरी जात नाही."

ती हसली. मग म्हणाली, "यार आई, हे तू शाळेत येऊन सांग ना. आमच्याकडे तो प्रजननाचा धडा बाई घरी वाचा म्हणतात." शाळेने मला काही बोलावलं नाही. मी चिठ्ठी पाठवली होती, उत्तर आलं नाही.

मग मी म्हटलं, शाळा नाही तर नाही. या वर्षी संक्रांतीनंतर आमच्याकडे हळदीकुंकू होतं. दरवर्षी वाण म्हणून काहीतरी लुटायचं असतं, गाळणी, चमचे, प्लॅस्टिकची बरणी. या वेळी मी झाकणाच्या लहान स्टीलच्या डब्या आणल्या, तीस. प्रत्येक डबीत दवाखान्यात फुकट मिळणारं एक पाकीट ठेवलं आणि एक कागद. कागदावर हाताने लिहिलं होतं: तांबी कुठे बसवतात, कुठल्या वारी, गोळ्या कुठे मिळतात, इंजेक्शन काय असतं, नवऱ्याचं ऑपरेशन कुठे होतं, आणि खाली, सही फक्त तुमची लागते. मुलीने झेरॉक्स काढून आणल्या. नवऱ्याने डब्या भरायला मदत केली आणि त्या संध्याकाळी ओव्हरटाइम आहे सांगून पळून गेला. सासू टीव्हीचा आवाज वाढवून आतल्या खोलीत बसली.

बायका आल्या. हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, ओटी भरली, हातात डबी दिली. पहिलीने हलवून बघितली. "आत काय गं? सुपारी?"

"घरी जाऊन बघा."

घरी जायला कोण थांबतं. तिने तिथेच झाकण उघडलं.  एक आजी म्हणाल्या, "आता माका ह्येचा काय उपयोग?" आणि तीन-चार जणी हसू दाबत खाली बघू लागल्या. एकीने डबी चटईवर ठेवली आणि तशीच उठून गेली. दुसरीने पाकीट काढून माझ्या हातात दिलं आणि डबी ठेवून घेतली. पण बऱ्याच जणींनी झाकण लावून डबी पदराखाली घेतली आणि पोह्यांच्या बशा पुढे करत विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी चाळ कमिटीचे सेक्रेटरी आले. नवऱ्याशी बोलायला आले होते, माझ्याशी नाही. "सणावाराला हे असलं? घरात लहान मुलं असतात. लोकांच्या तक्रारी आहेत."

नवरा म्हणाला, "कुणाच्या? बायकांच्या की पुरुषांच्या?"

 "वहिनींना जरा समजवा," सेक्रेटरी म्हणाले.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "काका, समजवायचं असेल तर मला समजवा. मी इथेच आहे. बसा, चहा टाकते."

ते चहाला थांबले नाहीत.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरची एक तरुण बाई गॅलरीत कपडे वाळत घालत माझ्याजवळ आली. दोन मुलं, धाकटं नऊ महिन्यांचं. कपडे झटकत, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, "ताई, त्या तांबीने दुखतं का?" मी जे माहीत होतं ते सांगितलं, आणि जे नव्हतं ते डॉक्टरला विचार म्हटलं. गुरुवारी मी हाफ डे टाकून तिच्याबरोबर गेले. तिच्या घरात कुणाला सांगितलं नव्हतं. नंतर तिच्या नवऱ्याला कळलं आणि तो माझ्या दारात येऊन दहा मिनिटं बोलत होता. मी दार उघडं ठेवून सगळं ऐकलं. त्याचं संपल्यावर म्हटलं, "तिला विचारलंत का तिला काय हवंय ते? नसेल तर आधी विचारून या."

तो अजून आलेला नाही. त्याची बायको मात्र पुढच्या महिन्यापासून कामाला लागतेय, आरे कॉलनीच्या बाजूला एका शिवणकामाच्या युनिटमध्ये. तिचं धाकटं कोण सांभाळणार हे अजून ठरायचंय.